शेजार किनाऱ्यावरचा

'वन्यजीव' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर ताडोबाचा वाघ किंवा गीरचा सिंह उभा राहतो. वन्यजीव पाहायचे म्हणजे जीपगाडीतून जंगलात जायचे आणि त्यांचे रक्षण करायचे म्हणजे ते काम वनखात्याचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ही समजूत टिकत नाही. तेथे माणूस आणि वन्यजीव यांच्यामध्ये कुंपण नाही. ज्या पुळणीवर रापण ओढली जाते, त्याच पुळणीवर रात्री समुद्री कासवाची मादी अंडी घालून जाते. ज्या खाडीत बायका कालवे काढतात, त्याच खाडीच्या काठाने पाणमांजरे वावरतात. ज्या जाळ्यात बांगडा येतो, त्याच जाळ्यात एखादे वेळी डॉल्फिनही अडकतो. आणि ज्या माडबागेत घर असते, तिच्या कडेच्या उंच आंब्यावर समुद्री गरुडाचे घरटे असू शकते.

शेजार इतका जवळचा असला की तो नियमांपेक्षा रोजच्या वागण्यावर अधिक अवलंबून राहतो. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांत पसरलेल्या सुमारे १२१ किलोमीटर लांबीच्या या किनाऱ्यावर गेल्या चार दशकांत जे घडले, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. येथील वन्यजीवांना आपल्याकडून फार मोठे काही हवे नसते. योग्य वेळी आणि योग्य जागी माणसाने थोडे बाजूला सरकावे, एवढीच त्यांची गरज असते. हे सरकणे केवळ तेथील कोळ्याने किंवा शेतकऱ्याने करायचे नाही. मुंबई-पुण्यात बसून सुरमई विकत घेणारा आणि डिसेंबरच्या सुट्टीत तारकर्लीला जाणारा वाचकही या शेजाराचा भाग आहे.

नकाशावरचे अभयारण्य

मालवणचे सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. महाराष्ट्रातील हे पहिले सागरी अभयारण्य. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. त्यापैकी सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतालचे खडक व पाणी मिळून ३.१८२ चौरस किलोमीटरचा गाभा आणि उरलेले २५.९४ चौरस किलोमीटर भोवतालचे क्षेत्र, अशी त्याची रचना आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर किल्ल्याचे बांधकाम सुरू केले, त्या बेटाच्या पायथ्याशी असलेल्या खडकांवर प्रवाळ आहेत. दगडाला चिकटलेले शेवाळ, समुद्रफुले, शिंपले, खेकडे आणि असंख्य रंगीत मासे यांची तेथे दाटी असते. शास्त्रीय दृष्टीने निवड योग्यच होती.

परंतु त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या मच्छीमारांच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की आता आमची जाळी कोठे टाकायची? अभयारण्य म्हणजे मासेमारीला बंदी, अशी भीती पसरली आणि विरोध सुरू झाला. तो दीर्घकाळ धुमसत राहिला. परिणामी राजपत्रात अभयारण्य होते, पण ते आपले आहे अशी भावना किनाऱ्यावर रुजली नाही. कायद्याला त्याचे स्थान आहे. त्याच्याशिवाय प्रवाळांची लूट किंवा कासवांची शिकार थांबविता आली नसती. मात्र समुद्रात रेघ दिसत नाही आणि प्रत्येक होडीवर पहारेकरी बसविता येत नाही. ज्याचा हात जाळ्यावर आहे, त्याला पटल्याशिवाय काहीही वाचत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे. तो पुढे कासवांच्या बाबतीत उपयोगी पडला.

कासवांनी शिकविलेले

कोकणातील बहुतेक देवळांत गाभाऱ्यासमोर फरशीत कोरलेले कासव आपण पाहतो आणि त्याला नमस्कार करून पुढे जातो. दशावतारातील हा दुसरा अवतार. तरीही किनाऱ्यावर कासवाची अंडी काढून खाण्याची आणि विकण्याची रीत कित्येक ठिकाणी होती. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे हे थांबविण्याचे काम हाती घेतले. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांना दोष देत बसण्याऐवजी त्यांनाच रक्षक केले. २००६ पासून तेथे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातील घरांत होऊ लागली आणि जिवंत कासवातून गावाला मिळकत मिळू लागली. हेच काम पुढे दक्षिणेकडे सरकले. देवगडमधील तांबळडेग, वेंगुर्ल्याजवळील वायंगणी यांसारख्या सिंधुदुर्गातील पुळणींवर स्थानिक तरुण रात्री-पहाटे गस्त घालू लागले. त्यांना 'कासवमित्र' म्हणतात.

हे काम कसे चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्याकडे अंडी घालायला येणारी कासवे प्रामुख्याने ऑलिव्ह रिडले जातीची असतात. त्यांचा विणीचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालतो. मादी रात्रीच्या अंधारात भरतीरेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते आणि समुद्रात परतते. पुन्हा त्या घरट्याकडे ती येत नाही. पहाटे वाळूत उमटलेल्या तिच्या पावलांच्या चाकोरीवरून कासवमित्र घरटे शोधून काढतात. कोल्हे, कुत्री, घोरपडी आणि चोर यांच्यापासून वाचविण्यासाठी अंडी तितक्याच खोलीच्या खड्ड्यांत, जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत हलविली जातात. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वाळू उकरून वर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू जास्त तापली की माद्या अधिक निपजतात. तापत्या हवामानाच्या काळात ही गोष्ट काळजीची ठरली आहे.

ही कासवे केवळ आपल्या गावाची नसतात, हेही आता कळले आहे. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचे कांदळवन प्रतिष्ठान यांनी २०२२ साली कोकणच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसविली. २०२३ मध्ये गुहागरहून यंत्र लावून सोडलेली 'बागेश्री' ही मादी दक्षिणेकडे जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. उलट दिशेचाही पुरावा मिळाला. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांपासून अलिप्त आहेत, या जुन्या समजुतीला त्यामुळे धक्का बसला.

पाहुण्याने येथे काय करावे? प्रथम, अंधार राखावा. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असतो तो समुद्र. पण मागे एखाद्या उपाहारगृहाचे प्रखर दिवे असतील, तर पिल्ले त्या दिशेने भरकटतात आणि उन्हाने किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरतात. म्हणून विणीच्या हंगामात समुद्राकडे तोंड असलेले दिवे बंद ठेवणे किंवा खाली झाकून घेणे, मोबाईलचा झोत न टाकणे आणि छायाचित्रासाठी चमक न वापरणे, ही साधी शिस्त फार मोलाची ठरते. पुळणीवर मोटार नेऊ नये. चाकांखाली वाळू दबते आणि आतल्या पिल्लांचा वर येण्याचा मार्ग बंद होतो. उरलेले अन्न तेथे टाकू नये. त्यावर कुत्री पोसली जातात आणि तीच कुत्री घरटी उकरतात. पिल्लू हातात घेऊन छायाचित्र काढण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे. वाळूवरची ती चाल त्याची त्यालाच चालू द्यावी. हजारात एखादेच पिल्लू प्रौढ होते असे मानले जाते. त्या एकाची शक्ती आपण खर्च करू नये.

जाळे कापणारा हात

कासवाचे दुसरे संकट पाण्यात असते. कासवाला श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर यावे लागते. जाळ्यात अडकले की ते गुदमरते. डॉल्फिनचेही तेच. मच्छीमाराला ते मारायचे नसते, पण जाळे कापायचे तर हजारो रुपयांचे नुकसान त्याने सोसायचे. या अडचणीवर राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये एक व्यवहारी तोडगा काढला. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडून दिले, तर त्या कृतीची छायाचित्रे किंवा चित्रफीत दाखवून त्याला जाळ्याच्या नुकसानापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कासवे, डॉल्फिन, व्हेल शार्क असे प्राणी त्यात येतात. दयाबुद्धीचा भार एकट्या गरिबाच्या खांद्यावर न टाकता समाजाने तो वाटून घ्यावा, हे या योजनेमागचे तत्त्व आहे.

जाळ्याच्या विणीतही शेजारधर्म पाळता येतो. ट्रॉलरच्या जाळ्याचे डोळे चौकटच्या आकाराचे, म्हणजे तिरके असतील, तर जाळे ओढले जाताना ते मिटतात आणि लहानसहान मासळी आतच अडकते. डोळे चौरस असतील तर ओढतानाही ते उघडे राहतात आणि पिल्ले निसटून जातात. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने राबविलेल्या सागरी जैवविविधता प्रकल्पात ट्रॉलरच्या शेवटच्या पिशवीसाठी ४० मिलिमीटरची चौरस आसाची जाळी पुरविण्यात आली. आज निसटलेले पिल्लू उद्या पुऱ्या वजनाचा मासा होऊन परत येते, हा हिशेब मच्छीमाराला कोणी शिकवावा लागत नाही. अडचण येते ती शेजारची होडी तसे करील की नाही, या अविश्वासामुळे.

पर्ससीन जाळी, प्रखर दिव्यांच्या प्रकाशात होणारी मासेमारी आणि परराज्यातून येणारे वेगवान ट्रॉलर यांच्याविरुद्ध मालवणचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे लढत आले आहेत. राज्य सरकारने २०१६ साली पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. केंद्राने २०१७ साली प्रकाशझोतातील मासेमारीवर बंदी आणली. अंमलबजावणीच्या तक्रारी मात्र संपलेल्या नाहीत. शहरी वाचकाला हे दोन मच्छीमार गटांतील भांडण वाटते. वस्तुतः रापणकराचे हित आणि समुद्रातील जीवसृष्टीचे हित येथे एकच आहे, कारण समुद्र एकदम उपसला गेला तर दोघेही उपाशी राहतात.

ताटातला समुद्र

शहरातील माणसाचा सागरी जीवसृष्टीशी सर्वांत नियमित संबंध येतो तो मासळीबाजारात. म्हणून तेथील निवड ही त्याची सर्वांत मोठी शक्ती आहे. ज्याला मालवणात सरंगा म्हणतात ते रुपेरी पापलेट सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून घोषित झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर, बांगड्यासाठी १४० मिलिमीटर आणि सुरमईसाठी ३७० मिलिमीटर आहे. यामागील विचार सरळ आहे. माशाला आयुष्यात निदान एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळावी.

याचा घरगुती अर्थ असा, की तळहातात मावणारी पापलेटे स्वस्त मिळतात म्हणून टोपलीभर घेऊ नयेत. सुरमईचे पिल्लू मागू नये. कोळणीला 'लहान नको, मोठी असेल तेव्हा सांगा' असे म्हणणारी दहा गिऱ्हाइके रोज आली, तर तो निरोप बंदरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, कारण अनेक माशांचा तो विणीचा काळ असतो. श्रावण पाळणाऱ्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच होड्या लोटणाऱ्या आपल्या समाजाला ही विश्रांती नवी नाही. त्या काळात खाडीची मासळी, सुकट, सोडे, सुके बांगडे यांच्यावर भागविण्याची रीत आपल्या आज्यांनी घालून दिलेलीच आहे. ऋतूनुसार मासे खाणे म्हणजे काही नवे व्रत नाही.

मोरीबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. मोरीचे सागुती-वड्यांच्या तोडीचे कालवण मालवणी घरांत आवडीने खाल्ले जाते. मोरी म्हणजे लहान शार्क. बांगडा किंवा तारली हजारोंनी अंडी घालणाऱ्या माशांत मोडतात. मोरी मात्र उशिरा वयात येते आणि तिला थोडीच पिल्ले होतात, म्हणून तिची संख्या घटली की भरून येण्यास फार वेळ लागतो. मालवण बंदरात उतरणाऱ्या मासळीच्या अभ्यासात हातोडीसारखे डोके असलेल्या शार्कची पिल्लेही आढळली आहेत. मोरी सणासुदीपुरती ठेवून रोजच्या जेवणात बांगडा, तारली, पेडवे अशा लवकर वाढणाऱ्या मासळीला मान दिला, तर जिभेचे फारसे बिघडत नाही.

पाण्याखाली आणि होडीतून

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग आणि मालवण येथे पाण्याखाली उतरून प्रवाळ पाहणे हे आता पर्यटनाचे प्रमुख आकर्षण आहे. त्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटते आणि त्यात गैर काही नाही. मात्र प्रवाळ हा दगड नाही. ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यांच्या शरीरात राहणारी शैवले त्यांना अन्न आणि रंग पुरवितात. पाणी फार तापले की ही शैवले बाहेर फेकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. या संकटाशी झुंजणाऱ्या प्रवाळावर आपण पाय ठेवला, त्याला धरून छायाचित्र काढले किंवा त्यावर होडीचा नांगर पडला, तर अनेक वर्षांची वाढ क्षणात तुटते. म्हणून उतरण्यापूर्वी मार्गदर्शकाला स्पष्ट सांगावे, 'आम्हाला काही हातात धरून दाखवू नका.' मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात बिस्किटे किंवा पाव टाकण्याचा प्रकारही नाकारावा. तो त्यांचा आहार नाही आणि त्यामुळे खडकावरील शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे मासे आपले काम सोडून माणसांच्या मागे लागतात. गिऱ्हाइकाने नको म्हटले की चालकही ते थांबवितो, कारण बिस्किटे त्याने गिऱ्हाइकासाठीच आणलेली असतात.

डॉल्फिन दाखविणाऱ्या होड्यांबाबतही हेच. आपल्या किनाऱ्यालगत, खाड्यांच्या मुखाशी वावरणारे कुबडवाले डॉल्फिन उथळ पाण्यात राहतात आणि ध्वनीच्या आधाराने मासे शोधतात. चार होड्यांनी त्यांना घेरले, पाठलाग केला, की इंजिनांच्या कल्लोळात त्यांना ऐकूही येत नाही आणि पिल्लू आईपासून तुटू शकते. होडीने वेग कमी करावा, अंतर राखावे, समोरून न जाता बाजूने समांतर चालावे आणि थोड्या वेळाने निघून जावे, हा सर्वमान्य शिष्टाचार आहे. या पाण्यात किती मोठे पाहुणे येतात, याचा प्रत्यय २०१५ साली आला. 'कोंकण सिटेशियन रिसर्च टीम' या अभ्यासकांच्या गटाला कुणकेश्वरच्या समुद्रात निळे देवमासे दिसले. पृथ्वीवरील हा सर्वांत मोठा प्राणी देवगडच्या आंब्यांच्या बागांपासून फार दूर नव्हता.

परतताना आठवण म्हणून काय आणावे? काजू आणावेत, कोकमे आणावीत, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणावीत. प्रवाळाचा तुकडा, समुद्रघोडा किंवा मोठे शंख-कवड्या मात्र आणू नयेत. प्रवाळ, समुद्रघोडे आणि शंखांच्या अनेक जातींना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तथाकथित 'देवमाशाच्या उलटी'चा व्यापारही बेकायदा आहे. शिवाय वाळूवरचा रिकामा शंखही निरुपयोगी नसतो. शंखवासी खेकडा त्याच्या शोधात असतो आणि त्याला घर बांधता येत नाही.

खाडी आणि परसदार

समुद्र सोडून खाडीत शिरले की कांदळवन लागते. चिखल आणि डास एवढीच त्याची ओळख असलेल्या काळात ते तोडून जागा 'मोकळी' करण्यात कोणालाच काही वाटत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांची तोड थांबविण्याचा आदेश दिला आणि २०१८ साली त्यावर अंतिम निर्णय दिला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित झाला. कोळंबी, खेकडे आणि अनेक माशांची पिल्ले या मुळांच्या आसऱ्याने वाढतात. वादळाच्या लाटांचा मारा हीच झाडे झेलतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' महिला बचत गटाच्या स्त्रियांनी २०१७ साली पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखविण्यास सुरुवात केली. स्वतः होडी वल्हवीत त्या झाडांची नावे, श्वसनमुळांचे काम आणि पक्षी समजावून सांगतात. तारकर्लीच्या सुट्टीतला एक तास या खाडीला दिला, तर पैसा थेट त्यांच्या हाती जातो आणि उभे कांदळवन तोडलेल्या कांदळवनापेक्षा मौल्यवान ठरते.

ज्यांचे गावी घर आहे, त्यांची जबाबदारी आणखी थोडी वाढते. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड उंच झाडावर काटक्यांचे प्रचंड घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे तेच घरटे डागडुजी करून वापरतो. असा एखादा आंबा किंवा सुरू आपल्या जमिनीत असेल, तर तो विकण्यापूर्वी वर पाहावे. विणीच्या काळात तरी त्या झाडाखाली वर्दळ होऊ देऊ नये. साप दिसला की काठी शोधण्यापेक्षा सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवावे. परसातील विहिरीवर जाळी घालताना एक फळी किंवा दोर आत सोडून ठेवला, तर पडलेला लहान प्राणी वर येऊ शकतो. आंब्याच्या बागेत फवारणी करताना औषधाचे डबे व्हाळात धुऊ नयेत, कारण व्हाळ शेवटी खाडीलाच मिळतो.

नाव माहीत असणे

या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे, ती म्हणजे ओळख. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, तो नाहीसा झाला तरी आपल्याला कळत नाही. मुंबईत २०१७ साली सुरू झालेल्या 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने हे दाखवून दिले. ओहोटीच्या वेळी गिरगाव, हाजीअली, जुहू अशा शहरी किनाऱ्यांवर लोकांना नेऊन त्यांनी खडकांमधील समुद्रफुले, ऑक्टोपस, प्रवाळ आणि समुद्री गोगलगाई दाखविल्या. ज्या समुद्राकडे नागरिक केवळ सांडपाण्याचे ठिकाण म्हणून पाहत होते, तेथे जीवसृष्टी असल्याचे त्यांना प्रथमच समजले.

मालवणात हे आणखी सोपे आहे. पंचांगात किंवा भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी, म्हणजे मालवणीतली 'सुकती', गाठावी. चामड्याचे बूट टाळून घट्ट बसणाऱ्या वहाणा घालाव्यात. खडकांवर जपून चालावे, डबक्यांत नुसते डोकावावे, उचललेला दगड तसाच पूर्ववत ठेवावा. मुलांना बादली न देता वही द्यावी. काय दिसले, कोठे, कोणत्या तिथीला, एवढे लिहिले तरी पुढच्या वर्षी तुलना करता येते. छायाचित्रे 'आयनॅचरलिस्ट' किंवा पक्ष्यांसाठी 'ईबर्ड' या संकेतस्थळांवर दिल्यास तज्ज्ञ ओळख पटवून देतात आणि नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. मात्र दुर्मीळ प्राण्याच्या घरट्याचा नेमका ठिकाणा जाहीर करू नये. गावातील वृद्ध तांडेलाशी गप्पा मारल्या तर कोणता मासा कोणत्या वाऱ्यावर येतो, पूर्वी काय दिसे आणि आता काय दिसत नाही, याचा इतिहास मिळतो. तो कोणत्याही ग्रंथात नाही.

किनाऱ्यावर कासव, डॉल्फिन किंवा देवमासा लागलेला दिसला, तर काय करावे हेही माहीत असावे. त्याला ओढत समुद्रात लोटण्याची घाई करू नये. प्राणी जखमी किंवा आजारी असल्यास तो पुन्हा बुडतो. गर्दी हटवावी, कुत्री दूर ठेवावीत, अंगावर ओले कापड टाकून सावली करावी. डॉल्फिनच्या डोक्यावरील श्वसनछिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये. नंतर वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

बाजूला होण्याची रीत

मालवण तालुक्यातील आचरे गावात 'गावपळण' नावाची एक प्रथा आहे. दर काही वर्षांनी ग्रामदैवताचा कौल झाला की सारा गाव गुराढोरांसह, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस-तीन रात्री झोपड्या बांधून तेथेच राहतो. घरे बंद, रस्ते निर्मनुष्य. प्रथेचे मूळ श्रद्धेत आहे, निसर्गरक्षणात नाही. तिला बळेच आधुनिक अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट तिच्यातून दिसते. एक संपूर्ण गाव ठरवून, एकमताने, काही काळ बाजूला होऊ शकतो आणि त्यामुळे कोणाचे काही बुडत नाही.

किनाऱ्यावरील शेजाऱ्यांना इतकेही लागत नाही. कासवाला हिवाळ्यातील काही अंधाऱ्या रात्री हव्या असतात. माशांना पावसाळ्यातील थोडे दिवस आणि जाळ्याचे उघडे डोळे हवे असतात. डॉल्फिनला होडीपासून थोडे अंतर आणि प्रवाळाला न लागणारा पाय हवा असतो. या मागण्या मान्य करण्यासाठी कोणालाही गाव सोडावे लागत नाही. येत्या डिसेंबरात किनाऱ्यावरच्या निवासाची खोली ठरविताना 'समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवता का?' एवढा एक प्रश्न दूरध्वनीवर विचारला, तरी सुरुवात होते. पुरेशा लोकांनी तो विचारला, तर पुढच्या हंगामात तो विचारावा लागणार नाही.